किलोमीटरचा आकडा आणि जुनी डिझेल गाडी

जुन्या मोटारींच्या बाजारात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या ग्राहकाची दृष्टी गाडीच्या रंगावरून जी निघते ती थेट चालकासमोरील किलोमीटरच्या आकड्यावर जाऊन स्थिरावते, आणि तो आकडा सहा अंकी दिसला की पुढची काहीही विचारपूस न करता तो शेजारच्या गाडीकडे वळतो. डिझेलच्या छोट्या हॅचबॅक गाड्यांच्या बाबतीत हा निकष अत्यंत फसवा आहे. आणि तो फसवा असल्याची पक्की जाणीव दलालांना असल्यामुळेच त्याचे आयुष्य इतके वाढले आहे.

या गाड्या आज एवढ्या संख्येने विक्रीस का येतात, याचे कारण इंधनाच्या दरांच्या इतिहासात आहे. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत झाले नाहीत. मधल्या काळात दोहोंच्या दरांत एवढी तफावत पडली की, रोज लांबचा प्रवास करणाऱ्या मध्यमवर्गीयाने खरेदीच्या वेळी लाखभर रुपये अधिक मोजूनही डिझेल गाडीच पसंत केली. 2007 साली आलेली डिझेल स्विफ्ट, पाठोपाठ इंडिका व्हिस्टा, पुंटो आणि रिट्झ, या साऱ्यांच्या बॉनेटखाली फियाटचे 1248 सीसीचे एकच मल्टिजेट इंजिन निरनिराळी नावे धारण करून बसलेले असे. एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनविणेच थांबविले. म्हणजे ज्यांनी भरपूर धावण्यासाठीच या गाड्या घेतल्या, त्यांच्याच गाड्या आज बाजारात आहेत. त्यांचा आकडा मोठा असणे स्वाभाविक आहे. तो लहान असेल तर मात्र खुलासा मागावा.

साधा हिशेब करून पाहावा. अकरा वर्षांच्या गाडीवर 52 हजार किलोमीटर दिसत असतील, तर ती दिवसाला सरासरी तेरा किलोमीटर चालली असा अर्थ होतो. एवढ्याशा धावेसाठी लाखभर रुपये अधिक देऊन डिझेल गाडी घेणारा गृहस्थ जगात नसतोच असे नाही, परंतु त्याची गाठ पडण्यापूर्वी कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजून चालणे श्रेयस्कर. आकडा डिजिटल असल्यामुळे त्यात फेरफार होऊ शकत नाही, हा दुसरा भोळा समज. लॅपटॉप आणि एक वायर जवळ असलेला इसम तो अल्पावधीत हवा तेवढा मागे नेतो. सबब पुरावा आकड्याबाहेर शोधावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या दप्तरी गाडीच्या क्रमांकावर प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवशीचा आकडा नोंदलेला असतो; मालकाच्या संमतीने तो उतारा मिळवावा. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 2319 हे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्याचे टायर होत. तबकडी चाळीस हजार सांगत असेल आणि क्लचच्या पेडलवरील रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले असेल, तर रबराचीच साक्ष ग्राह्य धरावी.

उलटपक्षी, दीड लाख किलोमीटर धावलेली, परंतु बहुतांश महामार्गावर एका लयीत चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती जपून ठेवलेली गाडी, शहराच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये साठ हजार किलोमीटर रखडलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा निरोगी निघते. शहरी गाडीचा क्लच अधिक झिजतो, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी अधिक साचते आणि इंजिन पुरते तापण्यापूर्वीच वारंवार बंद केले जाते. माझे स्पष्ट मत असे की, कागदपत्रांसह दीड लाखाची गाडी घ्यावी, कागदांवाचून साठ हजारांची घेऊ नये.

ऑइलची पट्टी बाहेर काढून, “हे बघा, ऑइल काळंकुट्ट आहे, इंजिन गेलंय,” असा निवाडा देणारे एक परिचित सोबतीला असतातच. डिझेल इंजिनात ज्वलनाची काजळी ऑइलमध्ये उतरते, आणि नवे ऑइलही काहीशे किलोमीटरांत काळे पडते. तो रोग नव्हे. भय बाळगायचे ते ऑइलवर चहाच्या सायीसारखा पांढुरका थर दिसला तर, किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग तरंगत असला तर. कारण पाणी आणि तेल एकत्र आले, की बहुधा हेड गॅसकेटचा खर्च दारात उभा असतो. तसेच चालू इंजिनवरील ऑइलचे झाकण उघडल्यावर किंचित वाफ दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु तेथून धापा टाकल्यासारखे भपके येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा थकल्या आहेत असे समजावे.

या इंजिनाविषयी सर्वांत महागात पडणारा समज त्याच्या टायमिंग चेनसंबंधीचा आहे. फोर्ड फिगोचे 1.4 लिटरचे किंवा पोलोचे 1.2 लिटरचे डिझेल इंजिन पट्ट्यावर चालते आणि तो पट्टा ठरावीक मुदतीनंतर बदलावा लागतो, हे ठाऊक असलेला ग्राहक मल्टिजेटला साखळी आहे हे ऐकून निश्चिंत होतो. साखळी जन्मभर टिकते, असे त्याला सांगितलेले असते. वास्तविक ही साखळी ताणून धरणारा टेन्शनर इंजिनमधील ऑइलच्याच दाबावर काम करतो, आणि ज्या मालकाने ऑइल बदलण्यात चालढकल केली, त्याच्या गाडीत साखळी हळूहळू लांबते. ती तुटली किंवा दात चुकली, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन परस्परांवर आदळतात, आणि मग दुरुस्तीचा आकडा कित्येकदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. हा दोष ओळखण्याची वेळ एकच, इंजिन पूर्ण थंड असतानाची. म्हणून गाडी सकाळी पाहावी, मालकाने “आधीच चालू करून ठेवतो” असे म्हटल्यास नम्रपणे नकार द्यावा, आणि गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवावा. बॉनेट कोमट लागले, तर चाचणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी. थंड इंजिन सुरू होताच क्षणभर खडखडून शांत झाले, तर ते दुर्लक्षणीय. खडखड चालूच राहिली, तर साखळीचा खर्च किमतीतून वजा करावा, नाहीतर गाडीवर पाणी सोडावे.

डिझेल म्हटले की धूर यायचाच, हे वाक्य एका पिढीपूर्वीच्या इंजिनांना लागू होते. कॉमन रेल पद्धतीत इंधन प्रचंड दाबाने आणि अचूक प्रमाणात फवारले जाते. नीट अवस्थेतील गाडीने मागे काळा ढग सोडण्याचे प्रयोजन उरत नाही. चढावर काळा धूर येत असेल, तर इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर किंवा टर्बोची फाटलेली नळी यांपैकी कशाचा तरी संशय घ्यावा. निळसर धूर जळणाऱ्या ऑइलचा. आणि गार सकाळचा पांढरा धूर मिनिटभरात विरला नाही, तर तोही चौकशीस पात्र. इंजेक्टरांबाबत अंदाजावर विसंबू नये. त्यांतून परत वाहणाऱ्या डिझेलची चार बाटल्यांत तुलना करण्याची चाचणी जाणकार मेकॅनिक करून देतो, आणि एखादी बाटली इतरांआधी भरली तर दोषी कोण हे उघड होते. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये मंद वेगावर असताना ॲक्सिलरेटर दाबावा; इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर प्लेट संपली आहे. डीपीएफच्या, म्हणजे धुरातील काजळी अडविणाऱ्या, जाळीबद्दल परदेशी सल्ले वाचून धास्तावलेल्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की 2020 पूर्वीच्या आपल्याकडील बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत ती जाळी नव्हतीच.

चकाकणारे इंजिन म्हणजे निगराणी, हाही समज सोडावा. आदल्या दिवशी धुतलेल्या इंजिनवर गळती दिसत नाही, धूळ बसलेल्यावर दिसते. 2019 साली सांगली-कोल्हापूरला आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला पुराच्या पाण्यात असंख्य वाहने बुडाली, हे विसरू नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गढूळ पाण्याची रेघ आहे का पाहावे, पायाखालचा गालिचा उचलून कोपऱ्यात गाळ चाचपावा, सीटच्या रुळांवरील गंज पाहावा. सुगंधाची बाटली लावून दडपलेला कुबट वास पाचच मिनिटे काचा बंद ठेवल्या की आपोआप बाहेर येतो.

राहिला कायद्याचा भाग. डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद होते, असे महाराष्ट्रातही छातीठोकपणे सांगितले जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा 2015 चा आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली उचलून धरलेला तो निर्बंध दिल्ली आणि राजधानी क्षेत्रापुरता होता, आणि त्याचे स्वरूपही पुढे न्यायालयात बदलत गेले. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी आणि पर्यावरण कर यांसह पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. मात्र त्या निर्बंधामुळे दिल्लीच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या घेताना ना-हरकत दाखला, येथील फेरनोंदणी आणि येथील कर यांचा खर्च आधी जमेस धरावा.

आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर “कर्ज केव्हाच फिटलं” या तोंडी ग्वाहीला किंमत नाही. बँकेचा दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलने क्रमांकावरून ऑनलाइन दिसतात, ती विक्रेत्याकडूनच भरून घ्यावीत. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे मालकी बदलली, असे मानून कागद कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत; वस्तुतः नोंद परिवहन कार्यालयाच्या दप्तरी चढेपर्यंत जुनाच मालक कायद्याच्या दृष्टीने मालक राहतो. खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत हस्तांतराचा अर्ज करावयाचा असतो, आणि विमा आपल्या नावे करून घेण्यास मुदत आहे चौदाच दिवसांची. ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर केवळ तारीख नव्हे, तर वेळही लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्याच दुपारी एखाद्या चौकातील कॅमेऱ्याने गाडी टिपली, तर दंड कोणी भरायचा याचा वाद त्या एका नोंदीवर मिटतो.