पदरची प्रयोगशाळा
मार्च २०२० मध्ये करोनाची साथ गोव्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली, तेव्हा संशयितांच्या स्रावाचे नमुने तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे धाडावे लागत होते. पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ती सोय झाली. ज्या चाचणीच्या अहवालावर रुग्णाचे विलगीकरण आणि कुटुंबीयांची सुरक्षितता अवलंबून असते, ती परस्वाधीन ठेवणे परवडणारे नाही, हाच यातील बोध होय. मात्र प्रत्येक यंत्र आपल्याच दारी हवे, हा हट्ट आम्हांस मान्य नाही. क्वचित लागणारी, खर्चिक तपासणी बाहेरून खुशाल करून घ्यावी. परंतु आलेला अहवाल पारखणारे जाणकार पदरीच हवेत. काम दुसऱ्यावर सोपविता येते, जबाबदारी नव्हे. प्रयोगशाळांतील पदे भरताना सरकारने याचे भान ठेवावे.