विश्रांती घेतली, तरी नडगी पुन्हा का दुखते?

झाशीहून कानपूरच्या दिशेनं निघालात की साधारण तीस किलोमीटरवर चिरगाव लागतं. हिंदी साहित्य वाचणाऱ्यांना ते मैथिलीशरण गुप्तांचं गाव म्हणून ठाऊक असतं. पण तुमच्या घरात कुणी पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करत असेल, तर अशा गावांची दुसरी ओळख तुम्हाला सांगायला नको. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं-पोरी चिरगावला दिसतील, तशीच आष्टीला दिसतील आणि माण-खटावलाही.

उत्तर प्रदेश पोलिसांच्या शिपाई भरतीत मुलांना ४.८ किलोमीटर अंतर २५ मिनिटांत आणि मुलींना २.४ किलोमीटर १४ मिनिटांत पार करावं लागतं. महाराष्ट्रात मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर. अंतर कितीही असो, दुखण्याची गोष्ट बहुतेक घरांत एकाच वळणानं जाते.

तयारी सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. पोरगा दहा दिवस धावणं बंद ठेवतो. आई तेल गरम करून चोळते, बाबा मेडिकलमधून मलम आणतात. दुखणं जातं. अकराव्या दिवशी तो पुन्हा पूर्वीइतकंच धावतो आणि आठवड्याभरात त्याच जागी तेच दुखणं हजर! मग पुन्हा विश्रांती, पुन्हा मलम. असं दोनतीनदा झालं की घरात कुणीतरी म्हणतं, "याचे पायच कमजोर आहेत." आणि मैदानी चाचणीची तारीख तर जवळ येत असते. वयाची मर्यादाही.

विश्रांतीनं वेदना थांबते. ज्या कारणानं ती आली, ते कारण मात्र जिथल्या तिथं असतं. एकाच जागी दुखणं दुसऱ्यांदा परत आलं, तर तिसऱ्यांदा मलम आणण्याऐवजी जाणकाराला पाय दाखवा.

हाड जिवंत असतं

आपल्याला वाटतं हाड म्हणजे घराचा खांब, एकदा उभा केला की झालं. तसं नाही. धावताना प्रत्येक पावलागणिक नडगीच्या हाडावर ताण येतो. त्या ताणाला उत्तर म्हणून शरीर हाडाचा जुना, थकलेला भाग काढून टाकतं आणि तिथं नवा, मजबूत भाग भरतं. गंमत अशी की काढण्याचं काम आधी होतं आणि भरण्याचं नंतर. त्यामुळे नव्यानं धावायला लागल्यावर पहिले काही आठवडे हाड थोडं कमजोरच असतं. नेमकं त्याच वेळी दम वाढलेला असतो. छाती साथ देते म्हणून पोरगा रोज जोर लावतो. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला मात्र महिने लागतात. बहुतेक दुखणी या दरीत जन्माला येतात.

वर दहा दिवसांच्या पूर्ण आरामात पोटरीचे स्नायू थोडे सैलावतात. म्हणजे अकराव्या दिवशी तेच अंतर, तोच वेग आणि आधीपेक्षा कमी ताकदीचा पाय. दुखणार नाही तर काय?

सैन्याला हे दुखणं फार जुनं माहीत आहे. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात, याची नोंद केली. तेव्हा क्ष-किरणांचा शोधच लागला नव्हता, त्यामुळे आत काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता. १८९७ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं की पायाच्या हाडाला बारीक तडा गेलेला असतो. या दुखण्याला आजही 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. हे धडधाकट सैनिक होते. तेव्हा "पाय कमजोर" हे निदान घरच्या घरी करू नका.

मांडव्याचा अविनाश

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीची सोय नाही, म्हणून चालत-पळत जाणारा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनला होता, राजस्थानात होता. ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे तो वळला, तोपर्यंत बावीस-तेवीस वर्षांचा झाला होता.

२०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला. गुडघ्यातला एसीएल हा मुख्य बंध आणि गादीसारखी कूर्चा, दोन्हीला इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा गेली.

मोनॅकोला झाला तो अपघात. एका क्षणात घडला, सगळ्यांनी पाहिला, त्यामुळे उपचारांना उशीर करायचा प्रश्नच नव्हता. तुमच्या घरातल्या नडगीचं दुखणं असं एका क्षणात घडत नाही. पडणं नाही, रक्त नाही, सूजही बेताचीच. म्हणून ते दुर्लक्षित राहतं. आणि मोठ्या खेळाडूमागे डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक अशी माणसं उभी असतात. रस्त्याच्या कडेनं धावणाऱ्या पोराच्या मागे आई-बाप असतात, म्हणून ही माहिती पोराइतकीच तुमच्यासाठीही.

कुठे आणि कसं दुखतंय?

निदान तुम्ही करायचं नाही. पण नीट सांगता आलं पाहिजे.

नडगीच्या आतल्या बाजूला, हाडाच्या कडेनं चार बोटं किंवा जास्त लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, सुरुवातीला दुखून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा ते 'शिन स्प्लिंट' असतं. ते हळूहळू, पण नक्की बरं होतं.

एका बोटानं दाखवता येईल अशा नेमक्या जागी दुखत असेल, धावता धावता वाढत जात असेल, चालतानाही किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. इथं थांबायचं, त्याच दिवशी. नडगीच्या पुढच्या बाजूचा तडा तर फार हट्टी असतो. तशात जोर लावून धावत राहिलं, तर हाड पूर्ण मोडल्याची उदाहरणं आहेत.

तिसरा प्रकार ओळखायला वेगळा आहे. ठरावीक अंतर धावल्यावर पोटरी किंवा नडगीचा बाहेरचा भाग दगडासारखा घट्ट होतो, पाऊल बधिर होतं आणि थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं ठीक. डॉक्टरांकडे गेल्यावर काहीच दुखत नसतं, म्हणून हे सांगायचं राहून जातं. आवर्जून सांगा.

आणि एक धोक्याची खूण : धावणं नसतानाही एकच पोटरी सुजली, गरम लागतेय, सोबत धाप लागतेय, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. रक्ताच्या गाठीची शंका तिथं तपासतात.

जायचं कुणाकडे?

आपल्याकडे पहिली पायरी बहुतेक वेळा हाडवैद्य किंवा मालिश करणारे पैलवान. "नस चढली आहे," म्हणतात आणि जोरात दाबतात. दुखऱ्या स्नायूला हलकी मालिश बरी वाटते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तडा गेलेल्या हाडावर दाब देणं म्हणजे आगीत तेल.

पहिल्यांदा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवावं. चिरगावच्या माणसाला त्यासाठी झाशी जवळ आहे. तिथलं महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज सरकारी आहे. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात असाल, तर तुमच्या जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा हाडांचा बाह्यरुग्ण विभाग विचारा. मोठ्या शहरात स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टरही भेटतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ताणानं पडलेला तडा पहिल्या दोनतीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही," असं समजून दुसऱ्या दिवशी ट्रायल मारू नका. दुखणं नेमक्या जागी असेल तर एमआरआय लागेल का, एवढं डॉक्टरांना विचारा. सगळ्यांना तो लागत नाही.

हाड ठीक असेल, तर पुढचं खरं काम फिजिओथेरपिस्टचं. बीपीटी ही त्यांची पदवी, त्यावर काहींनी खेळाच्या विषयात एमपीटी केलेली असते. पदवी विचारण्यात लाज नाही. फक्त यंत्राचा शेक देऊन रोज परत पाठवत असतील आणि तुम्हाला एकदाही धावताना, उड्या मारताना, एका पायावर उभं राहताना पाहिलं नसेल, तर दुसरीकडे विचारा.

जाताना धावण्याचे जुने बूट घेऊन जा. नवे नव्हेत, जुनेच. त्यांचे तळवे कुठे झिजलेत यावरून जाणकाराला पावलाबद्दल बरंच कळतं. गेल्या सहा आठवड्यांत कोणत्या दिवशी किती धावलात, डांबरावर की मातीवर, ते कागदावर लिहून न्या. फोनमध्ये ॲप असेल तर उत्तमच. खेरीज कोणती गोळी, किती दिवस घेतली, तेही. वेदनाशामक गोळी खाऊन सराव करणारी मुलं कमी नाहीत. गोळी दुखणं झाकते, तडा नाही. शिवाय उन्हात, पाणी कमी पिऊन अशा गोळ्या वारंवार घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारला जाईल, जायलाच हवा : पाळी नियमित आहे का? सराव वाढला, जेवण तेवढंच राहिलं किंवा वजन उतरवायला कमी केलं, तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं कमकुवत होतात. मुलगी संकोचानं सांगणार नाही. आई, काकू, मोठी बहीण, कुणीतरी सोबत जा.

स्वीडनचा हट्टी डॉक्टर

टाचेच्या वरची जाड शीर दुखणाऱ्यांसाठी ही गोष्ट. स्वीडनमधला हाडांचा डॉक्टर हॉकन आल्फ्रेडसन स्वतः धावायचा आणि त्याची हीच शीर वर्षानुवर्षं दुखत होती. त्यानं वरिष्ठांना म्हटलं, माझं ऑपरेशन करा. ते म्हणाले, करणार नाही, तू रजेवर गेलास तर काम कोण करणार? चिडून त्यानं ठरवलं, शीर इतकी ताणू की तुटलीच पाहिजे, म्हणजे त्यांना ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून, टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम तो वजन घेऊन रोज करत राहिला. शीर तुटली नाही. बरी झाली!

मग त्यानं १५ धावपटूंवर हाच व्यायाम १२ आठवडे करून पाहिला. ते सगळे पुन्हा धावायला लागले. १९९८ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगभरच्या फिजिओंनी तो उचलला. आता त्यात बरेच बदल झालेत, आणि प्रत्येकाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. शीर टाचेला जिथं चिकटते तिथंच दुखत असेल, तर पायरीखाली टाच सोडणं उलट त्रास देतं. म्हणून व्हिडिओ बघून सुरू करू नका. पण दुखऱ्या पायाला बसवून ठेवण्यापेक्षा मोजून-मापून ताण देऊन तो बरा होतो, ही कल्पना त्या चिडक्या डॉक्टरनं रुजवली, हे खरं.

नडगीच्या दुखण्यातही फिजिओ असंच काहीतरी देईल. पोटरीचे, मांडीचे, नितंबाचे व्यायाम. कदाचित धावताना पावलं थोडी आखूड आणि मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त टाकायला सांगेल, कारण लांब ढांगेत पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि ठोका जास्त बसतो. काहींना रस्ता सोडून मातीवर धावायला सांगेल.

परत धावताना

अर्धा तास भरभर चालून अजिबात दुखत नसेल, तेव्हाच धावण्याचं नाव काढायचं. हाडाला तडा असेल, तर तो दिवस डॉक्टर ठरवतील. कित्येकदा सहा ते आठ आठवडे जातात, काहींना जास्त. चाचणी त्याच्या आधी असेल तर निर्णय कठीण आहे, पण तो डॉक्टरांसमोर बसून घ्या. गोळी खाऊन मैदानावर उभं राहणं हा पर्याय त्यात धरू नका.

पहिल्या दिवशी एक मिनिट सावकाश धावा, दोन मिनिटं चाला. असं आठ-दहा वेळा, बस्स. दुसऱ्या दिवशी सुट्टी. मग धावण्याची मिनिटं वाढवत न्यायची, वेग नाही. वेग सगळ्यात शेवटी येतो. पोराला हे पोरखेळ वाटेल, सोबतचे मित्र हसतील, कारण त्यांची रोज ट्रायल चालू असेल.

आणि पाय कसा आहे हे धावून आल्यावर विचारू नका, तेव्हा अंग गरम असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून उठून पहिली चार पावलं टाकेल, तेव्हा बघा. नडगीवरून बोट फिरवायला सांगा. कालच्याइतकीच दुखत असेल किंवा कमी, तर पुढची पायरी. जास्त दुखत असेल, तर कालचाच धडा आणखी दोन दिवसांनी पुन्हा.