किनारा सफाईतले चेहरे टिपताना

वर्सोवा : मुंबईच्या या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाई सुरू केली. २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला.

व्यक्तिचित्र : ८५ मिमी लेन्स रूढ, एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी जवळपास तेच काम करते. एफ/२ च्या आसपास पार्श्वभूमी धूसर. फोकस जवळच्या डोळ्यावर.

प्रसंगचित्र : वाळूत रुतलेलं जाळं दोघं मिळून ओढताहेत. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान, अॅपर्चर एफ/५.६, म्हणजे दोन्ही चेहरे स्पष्ट. टोपीची सावली डोळ्यांवर आली (भर दुपारी हमखास येते), तर हलका फ्लॅश. वाऱ्यात लेन्स बदलू नये, सेन्सरवर वाळू बसते.

आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन : सप्टेंबरचा तिसरा शनिवार.