हायब्रिडचं मायलेज मोजायला ड्रायव्हरच्या सीटवर रोबो!

गाडीचं अधिकृत मायलेज रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेत मोजतात. चॅसिस डायनॅमोमीटरच्या रोलरवर चाकं फिरतात, गाडी जागीच राहते. रोलर रस्त्याचा आणि हवेचा विरोध उभा करतात. इंधनाचा हिशेब एक्झॉस्टमधल्या कार्बनवरून लागतो.

ठरलेल्या वेगाचा आलेख पडद्यावर सरकतो आणि ड्रायव्हर तो पाळतो. डब्ल्यूएलटीपी या आंतरराष्ट्रीय चाचणीत हे १८०० सेकंद, सुमारे २३ किलोमीटर चालतं. वेगात साधारण ताशी २ किलोमीटरचीच सूट असते.

पण त्या मर्यादेतही प्रत्येकाचा पाय वेगळा चालतो, आणि हायब्रिडमध्ये तो फरक महागात पडतो. ॲक्सिलरेटर किंचित जास्त दाबला, की मोटरवर चाललेल्या गाडीचं इंजिन सुरू होऊ शकतं. ब्रेक जोरात लागला, तर बॅटरीत परत जाऊ शकणारी ऊर्जा ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन वाया जाते.

म्हणून अनेक प्रयोगशाळा सीटवर रोबो बसवतात. त्याचे यांत्रिक पाय दर वेळी पेडल जवळपास सारखंच दाबतात. त्यामुळे दोन चाचण्यांमधला फरक गाडीचा की ड्रायव्हरचा, हे कळतं.

तरी एक हिशेब उरतोच: शेवटी बॅटरी सुरुवातीपेक्षा रिकामी असेल, तर मायलेज फुगलेलं दिसतं. म्हणून बॅटरीत आत-बाहेर गेलेली वीजही मोजतात.

मित्रांनो, हायब्रिड घेताना आकडा कोणत्या चाचणीचा आहे, हे जरूर विचारा. सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल या चाचणीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, तर डब्ल्यूएलटीपीचा १३१. या दोन चाचण्यांमधल्या मायलेजची थेट तुलना करू नका.