इराकची शस्त्रं: काय होतं, काय उरलं होतं

इराक युद्धाचा विषय निघाला की दोनपैकी एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘तिथे रासायनिक शस्त्रं कधी नव्हतीच, सगळा अमेरिकेचा बनाव’, किंवा ‘सद्दामने निरीक्षकांना हाकललं, म्हणून युद्ध झालं’. दोन्ही चूक. आणि या दोन्हींमुळे आंतरराष्ट्रीय तपासणीने केलेलं फार मोठं काम विस्मरणात गेलं आहे.

शस्त्रं होती. जून १९८७ मध्ये, इराणशी चाललेल्या युद्धात, इराकने तिथल्या सरदश्त शहरावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. १६ मार्च १९८८ ला हलब्जा या इराकमधल्याच कुर्दी शहरात बायकापोरांसकट हजारो माणसं विषारी वायूने मेली. तेव्हा सद्दामला कुणी फारसा जाब विचारला नाही, ही आजही लाज वाटावी अशी गोष्ट आहे. जाब विचारला गेला तो कुवेतवरच्या आक्रमणानंतर. एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६८७ केला आणि निःशस्त्रीकरणाचं काम ‘अन्स्कॉम’ या आयोगाकडे दिलं.

इराकचे साठे कुवेतवरून झालेल्या १९९१ च्या युद्धातल्या बॉम्बफेकीतच संपले, असंही अनेकांना वाटतं. खरं तर विमानांपेक्षा जास्त शस्त्रं निरीक्षकांनी नष्ट केली. समाराजवळच्या मुथन्ना कारखान्यात १९९२ ते १९९४ अशी दोन वर्षं हे काम चाललं. मस्टर्ड भट्टीत जाळायचा, सारिनसारखी मज्जासंस्थेवर घाला घालणारी द्रव्यं रासायनिक प्रक्रियेने निकामी करायची. काही रॉकेटं इतकी गळत होती की हलवणंच धोक्याचं. ती खमिसिया इथे जागच्या जागी जाळावी लागली. आयोगाच्या देखरेखीखाली ३८ हजारांवर भरलेले-रिकामे तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटं, तसंच सुमारे ६९० टन विषारी द्रव्य नष्ट झालं.

क्षेपणास्त्रांबाबतचा समजही अर्धवट आहे. इराकला सरसकट बंदी नव्हती. मर्यादा होती १५० किलोमीटर पल्ल्याची. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ३०० किलोमीटर पल्ल्याच्या स्कडमध्ये फेरफार करून इराकने ६०० किलोमीटरच्या पुढे जाणारं ‘अल हुसेन’ बनवलं होतं. आणलेल्या ८१९ स्कडपैकी ८१७ चा हिशेब अन्स्कॉमने लावला. युद्धांत डागलेली, चाचणीत गेलेली, १९९१ च्या उन्हाळ्यात इराकने गुपचूप मोडून पुरलेली, अशी सगळी. पुरलेले अवशेष उकरून, इंजिनांचे तुकडे मोजून ही गोळाबेरीज झाली.

घोळ झाला तो या गुपचूप नष्ट करण्यामुळेच. साक्षीदार नाहीत, धड कागद नाहीत. व्हीएक्स हे भयंकर द्रव्य आपण बनवलं होतं, हे तर इराकने १९९५ पर्यंत कबूलच केलं नाही; नंतर दीड टन व्हीएक्स जमिनीत ओतून टाकल्याचं सांगितलं. इतक्या खोटेपणानंतर विश्वास कोण ठेवणार? पण हिशेब न लागलेला साठा म्हणजे लपवलेला साठा, असं परस्पर गृहीत धरलं गेलं, आणि माझ्या मते युद्धाआधीच्या वादातली सर्वांत महागडी चूक हीच.

निरीक्षक डिसेंबर १९९८ मध्ये बाहेर पडले ते आयोगाचे प्रमुख रिचर्ड बटलर यांनी काढून घेतले म्हणून. लगेच अमेरिका-ब्रिटनची बॉम्बफेक सुरू झाली. इराकने त्याआधी अडवणूक भरपूर केली होती, हेही खरं. नोव्हेंबर २००२ मध्ये हान्स ब्लिक्स यांचं नवं पथक परत आलं. ‘अल समूद २’ चाचणीत १८३ किलोमीटर गेल्याचं दिसताच त्यांनी ती क्षेपणास्त्रं मोडायला लावली. १ मार्च २००३ पासून बगदादच्या उत्तरेला ताजी इथे बुलडोझर त्यांचा चेंदामेंदा करू लागले. इथे दातकोरणी मोडत नाहीत, घातक शस्त्रं मोडताहेत, असं ब्लिक्स यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेला बजावलं. सुमारे ७० क्षेपणास्त्रं मोडून झाली होती, तेवढ्यात युद्धाच्या तोंडावर पथकाला माघारी बोलावलं गेलं.

युद्धानंतर अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ मध्ये अहवाल दिला: जाहीर न केलेले रासायनिक साठे इराकने १९९१ मध्येच नष्ट केले होते, नव्याने उत्पादन सुरू झाल्याचा पुरावा नाही. पुढच्या काही वर्षांत सैनिकांना सुमारे ५,००० जुने गोळे आणि रॉकेटं सापडली. काही जण त्यांनाच ‘सापडलेली शस्त्रं’ म्हणतात, पण ती १९९१ पूर्वीची, गंजलेली होती. धोकादायक मात्र तेव्हाही होती. ती हाताळताना काही अमेरिकी सैनिक आणि इराकी पोलीस जखमी झाले. इराक २००९ मध्ये रासायनिक शस्त्रबंदी करारात सामील झाला, आणि मुथन्नातल्या बंकरांत गाडलेल्या अवशेषांची विल्हेवाट लागायला २०१८ उजाडलं.