शैक्षणिक कर्ज दुसऱ्या बँकेत हलवावे का?



मुलांचे शिक्षण संपले, नोकरी लागली की पाठोपाठ कर्जाचा हप्ता सुरू होतो. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत मिळते. पण या काळात व्याजाचे मीटर चालूच असते. ते भरले नाही तर हप्ता सुरू होताना मुद्दलात मिळवले जाते. मग आकडा बघून घरात धडकी भरते आणि नेमका तेव्हाच एखाद्या बँकेचा फोन येतो : "कर्ज आमच्याकडे आणा, हप्ता कमी करून देतो."

आपले माजी विद्यार्थीही हे विचारायला आपल्याकडेच येतात. तेव्हा त्यांना एकच सांगा : हप्ता बघू नकोस, एकूण व्याज बघ.

एक उदाहरण करून पाहू

समजा, 6 लाख रुपये बाकी आहेत, व्याजदर 11 टक्के आणि मुदत 7 वर्षे.

- आहे तिथेच ठेवले : हप्ता सुमारे 10,270 रुपये, एकूण व्याज सुमारे 2 लाख 63 हजार.
- 9.5 टक्क्यांनी हलवले, मुदत तीच 7 वर्षे : हप्ता सुमारे 9,800, व्याज सुमारे 2 लाख 24 हजार.
- 9.5 टक्क्यांनीच हलवले, पण मुदत 12 वर्षे केली : हप्ता सुमारे 7,000, व्याज सुमारे 4 लाख 8 हजार!

तिसऱ्या ओळीत व्याजदर कमी झाला, हप्ताही कमी झाला, तरी व्याज जवळजवळ दीड लाखाने वाढले. फोनवर आपल्याला फक्त "7,000 हप्ता" एवढेच ऐकू येते. हे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर घ्या. मुलांना चक्रवाढ व्याज कायमचे कळेल.

सगळी कर्जे एकत्र करताना

फीचे शैक्षणिक कर्ज आणि लॅपटॉप-हॉस्टेलसाठी काढलेले वैयक्तिक कर्ज, दोन्ही मिळून एकच मोठे वैयक्तिक कर्ज घ्यावे असे वाटते. इथे सावध राहा. आयकर कायद्यानुसार शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जास्तीत जास्त 8 वर्षे वजावट मिळते (जुनी करप्रणाली निवडली असेल तर). वैयक्तिक कर्जाला ती मिळत नाही, आणि त्याचा दरही बहुधा जास्तच असतो. उलट जास्त व्याजाचे छोटे कर्ज आधी फेडून टाकणे बरे.

सही करण्यापूर्वी

1. आधी आपल्याच बँकेत जा, "दर कमी करता का?" असे लेखी विचारा. फुकटचे काम आहे.
2. बदलत्या दराचे कर्ज असेल तर ते मुदतीआधी फेडण्यासाठी बँक दंड घेऊ शकत नाही. मात्र नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, मुद्रांक खर्च विचारा. वरच्या उदाहरणात बचत 39 हजारांची आहे. खर्च त्यातून वजा करा.
3. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागद परत घ्या, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या.
4. बहुतेक कर्जांत आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता चुकला तर त्यांचेही सिबिल बिघडते.

थोडक्यात, दर खरोखर कमी होत असेल आणि मुदत वाढत नसेल तर कर्ज जरूर हलवा. आणि पगारच अपुरा असेल, हप्ता झेपतच नसेल, तर मुदत वाढवण्यात कमीपणा नाही. हप्ता थकवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. पगार वाढला की जास्तीची रक्कम भरून मुदत पुन्हा कमी करून घ्या.