मापाबरहुकूम यंत्रभाग कसा तयार होतो

बाजारांत आयतें मिळणारें सामान आणि मागणीप्रमाणें घडविलेलें सामान यांत मोठा भेद आहे. आयता सदरा थोडा सैल झाला तरी चालून जातो. परंतु शिंप्यानें माप घेऊन शिवलेला सदरा बेताचा न झाल्यास आपण तो परत करितों. यंत्रांचेंहि असेंच आहे. नट, बोल्ट व बेअरिंग ठराविक मापांचीं दुकानांत मिळतात. पण एखाद्या कारखान्यांतील जुन्या पंपाचा दांडा, ज्यास शाफ्ट म्हणतात, तो झिजला आणि मूळ कंपनीकडे आतां तो मिळत नसला, तर काय करावें? अशा वेळीं कोल्हापूर किंवा पुण्याकडील एखाद्या लहानशा कारखान्याकडून तो मुद्दाम घडवून घ्यावा लागतो. अशा दांड्याचा मागणीपासून रवानगीपर्यंतचा प्रवास आम्हीं येथें थोडक्यांत सांगत आहों.

प्रवासाचा आरंभ कागदावर होतो. शलमोनाच्या मंदिराचे दगड खाणींतच घडवून आणले होते व बांधकामाच्या जागीं हातोड्याचा आवाजहि ऐकूं आला नाहीं, असें पवित्र शास्त्रांत सांगितलें आहे. खाणीवरील पाथरवट आणि मंदिरावरील गवंडी यांचें माप एक असल्यावांचून असें घडणें शक्य नव्हतें. हें माप एक ठेवण्याचें काम आज ड्रॉइंग करितें. त्यांत लांबी, व्यास व धातूची जात असतेच. शिवाय चुकीस किती मुभा आहे तेंहि लिहिलेलें असतें. कोणतीहि वस्तु तंतोतंत २५ मिलिमीटरची करणें मनुष्यास साध्य नाहीं, म्हणून दोन मर्यादा ठरवून देतात. २५ मिलिमीटरच्या ‘एच ७’ छिद्राचा व्यास २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालतो, आणि त्यांत सहज फिरणाऱ्या ‘जी ६’ दांड्याचा २४.९८० पासून २४.९९३ पर्यंत. म्हणजे दांड्यास मुभा केवळ १३ मायक्रॉनांची. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग होय. डोक्याचा एक केसहि साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो!

ड्रॉइंग पाहून कारखानदार दर कळवितो. एकच नग करून घेतला तर तो फार महाग पडतो, याचें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु यंत्र लावणें, हत्यारें बसविणें व संगणकास सूचना लिहून देणें हें काम नग एक असो कीं शंभर असोत, पुरतेंच करावें लागतें. दर पटल्यावर लेखी मागणीपत्र येतें. त्यांत संख्या, दर व मुदत यांबरोबर ड्रॉइंगची कितवी दुरुस्त प्रत धरावयाची तेंहि नमूद करितात. नाहीं तर जुन्या प्रतीवरून उत्तम काम होऊनहि तें व्यर्थ जावयाचें.

मग पोलादाची सळई तिच्या घटकांच्या दाखल्यासह येते. ती कापून लेथवर चढवितात. कातारी लांकडी भोवरा कातितो तीच ही विद्या: काम फिरतें आणि हत्यार त्यास खरडीत सरकतें. पूर्वी हत्यार कारागीर हातचक्रानें सरकवी. आज पुष्कळ ठिकाणीं तें संगणकाच्या आज्ञेनें सरकतें. पुढें मिलिंग यंत्रावर चावीची खांच पाडतात. नंतर दांडा तापवून, तेलांत विझवून कठीण करितात. हें काम बहुधा दुसऱ्याच कारखान्यांत होतें. त्यांत तो किंचित् वांकतो किंवा फुगतो. म्हणून जाणता कारागीर आधींच थोडा धातु शिल्लक ठेवतो आणि शेवटीं ग्राइंडिंगच्या चाकावर घासून त्यास अखेरच्या मापास आणितो.

आतां तपासणी. लांबी मोजण्याचें प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेलें आहे. पोलाद १० अंशांनीं तापलें तर २५ मिलिमीटरचा व्यास सुमारें ३ मायक्रॉन वाढतो, म्हणजे आपल्या मुभेचा जवळजवळ चौथा हिस्सा. यास्तव गरम नग लागलीच मोजून भागत नाहीं.

समजा, मुदतीचा दिवस आहे, गाडी दारांत उभी आहे, आणि मायक्रोमीटर २४.९७५ दाखवितो. उणीव ५ मायक्रॉनांची. ती डोळ्यांस दिसत नाहीं, हातास लागत नाहीं. खरडलेला धातु परत चिकटत नाहीं. खरें लिहावें तर पोलाद आणि कित्येक दिवसांची मजुरी बुडण्याची भीति, २४.९८० लिहावें तर आज कोणास कळणार नाहीं. येथें एकच मार्ग प्रामाणिक आहे: खरें माप ग्राहकास कळवावें. काम चालण्याजोगें असेल तर तो लेखी संमति देईल. नाहीं तर नवा दांडा करावा.

तपासणी डावलल्यास काय होतें याचें मोठें उदाहरण हबल दुर्बिणीचें. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अत्यंत बारकाईनें घासलेला होता. परंतु त्याच्या परीक्षेचें मुख्य उपकरणच १.३ मिलिमीटरनें चुकीचें जुळविलेलें होतें. इतर उपकरणांनीं दोष दाखविला असतांहि ती साक्ष बाजूस सारली गेली. १९९० सालीं दुर्बीण अंतराळांत गेली आणि चित्रें अंधुक आलीं. १९९३ च्या डिसेंबरांत अंतराळवीरांनीं तेथें जाऊन उपाय केला, तेव्हां दृष्टि निवळली.

तपासणींत उतरलेल्या दांड्याची धार काढून, गंज न चढावा म्हणून तेल लावून, तो खोक्यांत बंद करितात; सोबत चलन व मापांचा तक्ता जातो. ग्राहक सर्व मापें पुन्हां घेईलच असें नाहीं. बहुधा तो त्या तक्त्यावरील सहीवर विसंबून दांडा पंपांत बसवितो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें अशा कारखान्यांत जातील. कांहींचे वडील आजहि तेथें राबत असतील. दशांश अपूर्णांकाचें तिसरें स्थान निरुपयोगी समजूं नका. त्यावर कोणाची तरी मजुरी आणि कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. आणि पालकांस आमची विनंति कीं, मुलानें प्रयोगवहींत पुस्तकांतील उत्तर न उतरतां आपण घेतलेलें माप जसेंच्या तसें लिहिलें, तर गुण कमी पडले तरी त्यास शाबासकी द्यावी.